पोह्यांचं भात

कमळावहिनींचं कौतुक माझ्याच्याने ऐकवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अनंतादादा गेला तेव्हा गाव म्हणालं, बाईमाणसाला शेती झेपायची नाही. मी त्यांचा दीर, मीही मान डोलावली. अंबाडी गावाच्या बाजूला भात पिकवावं ते आमच्या बापाने, आणि त्याच्यामागे मी! लहानपणी आम्ही रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या भाकऱ्या खाल्ल्यात. बापाने गावात पहिल्यांदा बुटक्या जातीचं सुधारित भात लावलं, तेव्हा कुठे वर्षभराचा तांदूळ घरात आला. तो मान आता माझा, असं मी धरून चाललो होतो.

दोन हजार चार साली वहिनींनी कृषिसहायक आल्हादचं ऐकून संकरित बियाणं आणलं. दोरी धरून वीतभर अंतरावर रोपं लावायची आणि चार रोपांच्या मधे खताची गोळी खुपसायची. आम्ही सगळे हसलो. दिवाळीला, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, तेवढ्याच जमिनीत माझी अकरा पोती झाली, त्यांची सतरा. माझा नुसता जळफळाट झाला.

पण त्यांच्याकडे बियाणं मागणार कसं? बायकोला पाठवलं. "पोह्यांना नवं भात पायजे, म्हन."

वहिनींनी दोन पायल्या भरून दिल्या. "आनखी देऊ का?" असंही विचारलं.

पोहे कसले! जूनमध्ये तेच पेरलं. दोरी, गोळ्या, सगळं त्यांच्यासारखं केलं आणि तालुक्याच्या पीक स्पर्धेत नाव घातलं.

सप्टेंबरात शेत बघवेना. एक रोप कमरेएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं. एक लोंबी पिकलेली, दुसरी अजून दुधात. आल्हाद पाहणीला आला आणि बांधावरच थबकला. "केसरीनाथकाका, संकरित भाताचं बी दरवर्षी नवं घ्यायचं असतं. त्याचेच दाणे पेरले की असं होतं. हे आणलंत कुठून?"

"घरचंच हाय," मी म्हटलं.

पलीकडे वहिनी त्यांच्या एकसारख्या भातात उभ्या होत्या. हसल्यासुद्धा नाहीत.

"भावजी, पोहं करायचं राह्यलं वाटतं?"

पुढच्या मे महिन्यात त्यांनी बियाण्याच्या दोन पिशव्या आणल्या आणि एक माझ्या ओटीवर ठेवून गेल्या. परत द्यायला उठलो, तर बायको म्हणाली, "ही तरी पेरताव, का पोह्यांना ठेवू?"

पेरली. सतरा पोती झाली. आता घरात तांदूळ मावत नाही, आणि एक घास कमळावहिनींची आठवण आल्याशिवाय गिळता येत नाही.