ट्राम बंद करा म्हणायला शिकवलं तेव्हा

मी हॅम्बर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला गेले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून आलेली, आणि एका विधवा बाईंच्या घरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. तिथे जाऊन मी कुणाला वादविवाद शिकवीन असं स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्याच फुशारकीमुळे ते गळ्यात पडलं.

विद्यापीठात एक अमेरिकन व्याख्याते वर्षभरासाठी आले होते. त्यांनी विद्यार्थ्यांचा वादविवादाचा गट सुरू केला होता. दोघादोघांचे संघ, सरकारने किंवा शहराने काय करावं याबद्दलचा एक ठराव, एक संघ बाजूने, एक विरुद्ध, घड्याळ लावून भाषणं आणि शेवटी पंचांचा निकाल. एका चहापानाला मी त्यांना सांगून बसले की कॉलेजात असताना मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ढाल जिंकली होती. दोनच आठवड्यांत त्यांचे वडील आजारी पडले आणि ते तातडीने मायदेशी गेले. जाताना नियमांची आठ सायक्लोस्टाइल केलेली पानं माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवून गेले. वर चिठ्ठी होती: सहाजण आहेत, सगळे नवशिके, मे महिन्यात कील विद्यापीठाच्या संघाशी सामना आहे, आणि तुम्ही आहातच.

पहिल्या वर्गाला मी पानं न वाचताच गेले. ढाल जिंकणाऱ्याला नियम कशाला वाचायला हवेत? मी साडीचा पदर खोचला, उजवा हात वर नेला आणि पुण्यात टाळ्या घेणारं माझं जुनं भाषण मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ठणकावून सादर केलं. आवाज चढवला, खाली आणला, मध्ये एक लांब विराम घेतला. संपलं तेव्हा एकही टाळी पडली नाही.

जहाजबांधणी शिकणारा एक उंच, लुकडा मुलगा मागे बसला होता. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "फ्रॉइलाइन, असं बोलणारे आमच्याकडे होऊन गेले. आमच्या आईवडिलांनी टाळ्याही वाजवल्या."

 मी हात खाली घेतला आणि वर्ग तिथेच संपवला.

त्या संध्याकाळी मी आठही पानं नीट वाचली आणि कपाळाला हात लावला. मी ढाल जिंकले होते तो खेळ वेगळाच होता. इथे आवाजाला फारशी किंमत नव्हती. ठराव मांडणाऱ्याने चार गोष्टी दाखवायच्या होत्या: आज काय बिघडलं आहे, ते चालू धोरणामुळेच बिघडलं आहे, आपण नेमकं काय करणार, आणि त्याने ते सुधारेल. चारही सिद्ध व्हायला हव्यात. विरोधकाने एक जरी खिळखिळी केली तरी त्याचं काम झालं. प्रत्येक विधानाला पुरावा, आणि तो कुठून आणला हे कार्डावर लिहिलेलं. मला हे इतकं आवडलं की मी खोलीत एकटीच येरझारा घालू लागले. मी वीस वर्षांची असताना कुणी मला हे का सांगितलं नव्हतं?

दुसरा वर्ग आमच्या घरी झाला, कारण विद्यापीठातल्या खोलीला रंग देत होते. घरमालकीणबाईंनी जेवणाचं टेबल दिलं आणि उरलेल्या वॉलपेपरची गुंडाळीही दिली. ती उलटी पसरून मी पेन्सिलीने उभे रकाने आखले. पहिल्या रकान्यात आमचे मुद्दे, दुसऱ्यात त्यांची उत्तरं, तिसऱ्यात उत्तराला उत्तर. ज्या मुद्द्यापुढे बाण गेला नाही तो मुद्दा तुम्ही हरलात.

"सोप्या ठरावावर सराव करू," मी म्हणाले. "या घरात भाडेकरूंनी दर शनिवारी पाळीपाळीने जिना पुसायचा नियम आहे. ठराव असा की ही पाळी बंद करावी."

दंतवैद्यक शिकणारी एक मुलगी लगेच उभी राहिली. ती इतकी भरभर बोलायची की तिची वाक्यं एकमेकांच्या पाठीवर चढायची. तिने भाडेकरूंचे हाल सांगितले: विद्यार्थ्यांचे दर शनिवारी दोन तास वाया जातात, अभ्यास बुडतो, पाठी दुखतात. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. घरमालकीणबाई ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या.

"दोन तास? पुरावा काय?"

मुलीने हातातला कागद उलटसुलट पाहिला. 

"मी अकरा वर्षं घड्याळ लावून बघते आहे," बाई म्हणाल्या. "बावीस मिनिटं लागतात. बरं, पाळी बंद केलीत. मग जिना पुसणार कोण?"

"एक बाई ठेवायची," मुलगी म्हणाली.

"कोण बाई?"

"कोणीतरी."

"या घरात कोणीतरी म्हणजे मी," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "पुढचा मुद्दा?"

आम्ही हसून हसून लोळायचेच बाकी होतो. वॉलपेपरवर मी काढत असलेला बाण रकान्याबाहेर गेला. बाई हसल्या नाहीत. त्यांना पुढचा मुद्दा खरोखरच हवा होता. त्या दिवसापासून त्या प्रत्येक सरावाला विणकाम घेऊन बसायच्या, अंडी उकडायच्या घड्याळावर वेळ मोजायच्या आणि कुणी पुराव्याशिवाय बोललं की सुई वर करायच्या.

त्या वसंतात आम्हाला वादाची नशाच चढली. बेकरीत पाव घेताना आम्ही भांडायचो. बटाटे सोलून उकडावेत की उकडून सोलावेत यावर बंदरातल्या फेरीबोटीत दोन्ही बाजूंनी बोलणं झालं आणि तिसऱ्या धक्क्यावर उतरायचं ते आम्ही सहाव्यावर उतरलो. प्रयोगशाळेत माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "हे फ्लास्क तू धुतलेस का?" मी म्हणाले, "धुतले नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी तुझी." माझे प्राध्यापक मागेच उभे होते. त्यांनी फ्लास्क उजेडाकडे धरला, तळाशी बसलेला पिवळा थर मला दाखवला आणि निघून गेले. मला लाज वाटायला हवी होती. मला एवढंच वाटलं की पुरावा उत्तम होता.

सामन्याचा ठराव आला: शहरातली ट्राम टप्प्याटप्प्याने बंद करून तिच्या जागी भुयारी रेल्वे आणि बस वाढवाव्यात. तशी चर्चा तेव्हा शहरात चालूच होती, त्यामुळे वर्तमानपत्रांतून कार्डांचा ढीग जमला. कोणती बाजू मिळणार हे सामन्याच्या वेळी नाणं उडवून ठरणार होतं, म्हणून दोन्ही बाजू तयार करायच्या होत्या. मी संघात तो लुकडा मुलगा आणि भरभर बोलणारी मुलगी यांना घेतलं. मुलगी खूश झाली. मुलगा मात्र वर्ग संपल्यावर थांबला.

"मी ट्रामच्या बाजूने बोलेन," तो म्हणाला. "विरुद्ध नाही बोलू शकणार."

"का?"

"माझे वडील ट्राम चालवतात. आणि मला जे पटत नाही ते मी पटल्यासारखं बोललो तर ते खोटं होईल."

पहिल्या वर्गातलं त्याचं वाक्य मी विसरले नव्हते.  उत्तर दिलं ते घरमालकीणबाईंनी, विणकामातून मान न उचलता. "तुमच्या वयाचे होतो तेव्हा आम्ही एकच बाजू ऐकली," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी मोठ्याने म्हणून दाखवली असती तर मी त्याला खोटारडा म्हटलं नसतं."

 मुलाने दोन्ही बाजूंची कार्डं उचलली आणि गेला.

सामना मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी होता. सभागृहात चाळीसेक माणसं होती. दुसऱ्या रांगेत ट्रामच्या गणवेशातले एक गृहस्थ गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते. सकाळची पाळी संपवून ते थेट आले होते. मुलाचा चेहरा आणि त्यांचा चेहरा एकच, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर मिशा होत्या.

नाणं उडालं. आमच्या वाट्याला ठरावाची बाजू आली. ट्राम बंद करा म्हणायचं होतं.

मुलाने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. "दोन मिनिटं द्या," तो मला म्हणाला आणि वडिलांकडे गेला. वाकून काहीतरी बोलला. वडिलांनी ऐकून घेतलं, टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली आणि मान हलवली. ती होकाराची होती की नाइलाजाची, मला दुरून कळलं नाही.

मुलगा बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षा खालचा होता. अरुंद रस्त्यांत रुळांमुळे होणारी कोंडी त्याने सांगितली. एक गाडी बंद पडली की मागे उभ्या राहणाऱ्या गाड्यांची रांग सांगितली. मग हिवाळ्यात गोठणारे रुळांचे सांधे, आणि पायाने घंटा वाजवून वाजवून दुखणारे चालकांचे गुडघे. यातलं अर्धं कुठल्याही वर्तमानपत्रात नव्हतं. ते त्याच्या घरातलं होतं आणि सगळं खरं होतं.

मग उलटतपासणी. कीलचा एक चष्मेवाला मुलगा उठला. त्याचा डौल पाहून मला माझीच पुण्यातली आठवण झाली.

"तुमच्या योजनेने ज्याचं काम जाईल असा एक तरी चालक आपल्याला माहीत आहे का?"

"एक माहीत आहे," आमच्या संघातला मुलगा म्हणाला. "ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. माझे वडील आहेत."

चाळीस माना वळल्या. वडील ताठ बसून समोर बघत राहिले.

चष्मेवाला जरा चाचरला, पण सोडायला तयार नव्हता. "मग त्यांचं काय करणार आपण?"

"आमच्या योजनेचं तिसरं कलम त्यांच्यासाठीच आहे. कुणालाही काढायचं नाही. रूळ एकेका मार्गावरून काढत जायचे, आणि त्या मार्गावरच्या चालकांना आधी भुयारी रेल्वेचं शिक्षण द्यायचं. हे कलम मी काल सकाळी लिहिलं. त्यापूर्वी ते योजनेत नव्हतं."

असं कबूल करायचं नसतं हे आठ पानांत स्पष्ट लिहिलं होतं. पण पंचांपैकी मधले, एक वयस्कर वकील, पेन उचलून काहीतरी लिहू लागले, आणि मी ते वाचायला मान उंच केली.

शेवटचं भाषण मुलीचं होतं. मी तिला शंभरदा बजावलं होतं: हळू. तीन मिनिटं ती खरंच हळू बोलली, एकेक मुद्दा रकान्यातून उचलून पंचांपुढे ठेवत. चौथ्या मिनिटाला तिचा धीर सुटला आणि वाक्यं धावू लागली. मागच्या रांगेतून एक विणकामाची सुई वर गेली. मुलीने ती पाहिली, थांबली, पाणी प्यायली आणि वेळ संपायला आठ सेकंद असताना शेवटचं वाक्य सावकाश पूर्ण केलं.

आम्ही दोन विरुद्ध एक असे जिंकलो. मी परदेशी, साडी नेसलेली, शिष्टाचार जपणारी बाई. मी घरमालकीणबाईंचे दोन्ही हात धरून सभागृहाच्या मधल्या वाटेत गिरकी घेतली. त्यांच्या लोकरीचा गोळा खुर्च्यांखालून पार व्यासपीठापर्यंत घरंगळत गेला, आणि कीलच्या चष्मेवाल्याने तो आणून दिला.

गडबड ओसरल्यावर वडील मुलाजवळ आले. "तू मला पटवलंस," ते म्हणाले. "ते मला आवडलं नाही."

"मलाही आवडलं नाही," मुलगा म्हणाला.

"पण गुडघ्याचं तू लक्षात ठेवलं होतंस." एवढं बोलून त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि माझ्याकडे वळले. "फ्रॉइलाइन, आता विरुद्ध बाजू मी मांडणार. कुठे मांडू?"

आम्ही सगळे बंदरावर गेलो, मासा घातलेले पाव घेतले आणि फेरीबोटीत बसलो. ऊन होतं, वारा होता, आणि ट्रामचे चालक कठड्याला टेकून पाव खाताखाता आमची योजना मोडत होते. तुमची बस बर्फात घसरेल तेव्हा तुम्ही काय कराल? पुलावरच्या रुळांखालचं लोखंड कोण काढणार आणि पूल तोवर कुठे जाणार? आजीबाईंनी भुयारात किती पायऱ्या उतरायच्या, मोजल्यात का कुणी? मुलगी आमच्या बाजूने उत्तरं देऊ लागली, पण हसू आवरेना, आणि तिच्या पावातला हेरिंग मासा पाण्याकडे निसटला. सीगल पक्ष्याने तो वरच्या वर टिपला. चारपैकी तीन मुद्दे वडिलांनी खिळखिळे केले. त्यांना कुणीही शिकवलं नव्हतं.

"हा माणूस आधी का नाही सापडला?" घरमालकीणबाई मला म्हणाल्या, आणि लालबुंद झाल्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं, चार पानं, सगळं सविस्तर. तीन आठवड्यांनी आईचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, जिंकलीस हे वाचून बरं वाटलं, पण परक्या देशात इतक्या लोकांशी वाकड्यात जायचं कारण काय, आणि त्या ट्रामवाल्या गृहस्थांनी तुझं काय वाईट केलं होतं?

पत्र मी जर्मनमध्ये भाषांतर करून सगळ्यांना वाचून दाखवलं. मुलं हसली. घरमालकीणबाई म्हणाल्या की प्रश्न रास्त आहे, आणि मी त्याचं उत्तर द्यायला हवं, पुराव्यासकट.