गॅलियमचा आकार

माझे वडील पेडगावच्या शाळेत मास्तर होते. दुकानातून आणलेली साखरसुद्धा ते घरी पुन्हा तोलून बघायचे. सांगणारा कितीही मोठा असो, तपासल्याबिगर मानायचं न्हाई, आपण बौद्ध झालो ते यासाठीच, असं ते आम्हा भावंडांना सांगायचे. तीच खोड मला लागली.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला मी पॅसेंजरने परभणीच्या कॉलेजात जायचे. रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा सांगितलं, की आवर्त सारणीत डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होत जातो. दर घराला इलेक्ट्रॉन वाढतो आणि अणू लहान होतो? मला पटेना. केंद्राचा भारही वाढतो आणि तो इलेक्ट्रॉनांना आत ओढतो, असं सर म्हणाले. खाली उतरताना मात्र दर ओळीला नवी कक्षा, म्हणून अणू मोठा.

घरी येऊन मी पुस्तकामागचा त्रिज्यांचा तक्ता ताडून पाहिला. ॲल्युमिनियमच्या खाली गॅलियम. तो मोठा हवा होता, पण आकडा उलट थोडा कमी. छपाईची चूक असणार. लायब्ररीत जाडजूड दुसरं पुस्तक काढलं, तर त्यातही तेच. पण तिथं कारणही होतं. गॅलियमच्या आधी त्या ओळीत दहा धातू जास्तीचे येतात. तेवढा केंद्राचा भार वाढतो, आणि त्यांचे आतले इलेक्ट्रॉन त्या ओढीला पुरते आड येत नाहीत. बाहेरची कक्षा आवळली जाते.

सहामाहीच्या पेपरात अणूच्या आकारावर प्रश्न आला, तेव्हा मी ते सगळं लिहिलं. आठवड्याने सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. माझा पेपर समोर होता. हे मी शिकवलेलं नाही, कुणाचं पाहून लिहिलंस, असं त्यांनी विचारलं. वर्गातल्या दुसऱ्या कुणाला त्यांनी असं बोलावल्याचं मला माहीत नव्हतं. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

"मग सिलिकॉनखालचं जर्मेनियम केवढं?" त्यांनी विचारलं.

तो आकडा मला पाठ नव्हता. पण ते दहा धातू त्याच्याही आधी येतात, एवढं ठाऊक होतं. "मोठं असेल, पण थोडंच. कार्बनहून सिलिकॉन जेवढं मोठं, तेवढं न्हाई."

सरांनी कपाटातून पुस्तक काढलं, पान उलटलं आणि तिन्ही आकडे ताडून पाहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. जा तू. मार्क देतो."

मी हलले नाही. "सर, माझ्यासमोरच लिहा."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण त्यांनी लाल पेन उघडलं, पूर्ण मार्क लिहिले, खाली सही केली आणि पेपर माझ्याकडे वळवून धरला. मी तो नीट वाचला आणि मगच दाराकडे निघाले.

पुढच्या तासाला सरांनी वर्गाला गॅलियम शिकवलं. माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.