दादाच्या डाव्या हाताचे सूर

माझ्या हट्टापायी दादा गेला.

आज सकाळी, गडचिरोलीच्या दवाखान्यात. न्यूमोनिया.

तुमच्यापैकी बरेच जण त्याच्याकडे शिकलात. चंद्रपूरच्या शाळेत म्युझिक टीचर होता तो. हॉलमधला जुना पियानो त्याच्याशिवाय कोणी उघडत नसे.

मग स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. वहिनीने त्याला सावली गावी, घरी आणलं.

उरला डावा हात. म्हणजे पियानोची डावी बाजू. खर्जातले सूर, तेवढेच.

मी नागपूरहून कीबोर्ड नेला, लॅपटॉपवर पियानोचं सॉफ्टवेअर टाकलं. मोठ्या उत्साहात म्हटलं, "दादा, अगदी खऱ्यासारखं आहे."

त्याने सगळ्यात खालची पट्टी दाबली. परत तीच. परत तीच.

"सारखंच वाजते," तो म्हणाला. स्ट्रोकनंतर थोडंच बोलायचा.

मी दुसरं सॉफ्टवेअर आणलं. हेडफोन आणले. मग एक भला मोठा स्पीकर आणून त्याच्या पलंगाला टेकवून ठेवला. फळीवरची भांडी थरथरली.

"आवाज मोठा झाला. खोल नाई झाला."

वरचे सूर ऐकून मी फसायची. पण खाली उतरलं की कळायचं. खऱ्या पियानोत खालच्या तारा लांब, जाड, तांब्याने गुंडाळलेल्या. पेडल दाबून एक वाजवली की बाकीच्याही गुणगुणायला लागतात. इथे एक रेकॉर्डिंग वाजायचं आणि विरून जायचं, बस.

दुसऱ्या कोणाला चाललं असतं. दादाकडे त्या सुरांशिवाय काही उरलंच नव्हतं.

एक दिवस बघितलं, त्याने कीबोर्डवर टॉवेल टाकून ठेवला होता.

तो टॉवेल मला बघवेना. म्हटलं, चल, चंद्रपूरला नेते तुला. त्याच पियानोकडे.

वहिनी म्हणाली, "नको नेऊ मीना. थंडी हाये. ह्यांची छाती आधीच घरघर करून राह्यली."

"कार आहे ना वहिनी. काचा बंद ठेवते."

शाळेने हॉल उघडून दिला. पियानोच्या वरच्या पट्ट्या ओलीने अडकल्या होत्या. खालच्या शाबूत.

दादाने व्हीलचेअरवरून डावा हात पुढे केला. एकच सूर वाजवला. मी काहीतरी बोलायला गेले, तर डोळ्यांनीच गप्प केलं.

तो सूर संपता संपेना. आधी भरून आला, मग आतल्या आत हलत राहिला. पार विझेपर्यंत दादाने बोट उचललं नाही.

"मीने, हात ठेव इथी."

मी लाकडावर तळवा ठेवला. त्याने परत वाजवलं. लाकूड थरथरत होतं.

दादा अर्ध्या तोंडाने हसला. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा.

हॉलच्या खिडक्यांची तावदानं फुटलेली होती. फरशी बर्फासारखी. वहिनीचा फोन आला, "निघाले का?"

"निघतोच," मी म्हटलं. आणि दादाला विचारलं, "अजून थोडं?"

मी विचारलं. त्याने मागितलं नव्हतं.

ऊन उतरेपर्यंत बसलो.

मग खोकला. ताप. ऑक्सिजन.

आज दवाखान्याच्या पायऱ्यांवर वहिनी म्हणाली, "तुले दोष नाई देत मी. पण हे म्हणायलेबी जड जाऊन राह्यलं."

 

त्या दिवशी हॉलमध्ये मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. मघाशी लावून बघितलं. मोबाईलला ते सूर धरताच आले नाहीत. पट्ट्यांची टकटक येते, आणि दादाचा श्वास.

सकाळपासून मेसेज येतायत. "तू त्याची शेवटची इच्छा पूर्ण केलीस."

प्लीज, असं लिहू नका.

ती शेवटची नव्हती. परत येताना, मूल गावाच्या अलीकडे, तो म्हणाला होता, "उन्हाळ्यात पुन्हा येऊ."

दादा, माफ कर.

तुझ्या डाव्या हाताला माझा नमस्कार.