बस्ते बांधणारे बाबूजी

एक बस्ता बांधल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, हा बाबूजींचा नियम होता. हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या एका धर्मादाय दवाखान्यात ते नोंदणीच्या काउंटरवर बसत. पेशंटांचे जुने कागद गावांप्रमाणे लाल कापडात बांधलेले असत: बैहरकडचा बस्ता, हट्ट्याचा बस्ता, मलाजखंडचा बस्ता. रांग कितीही ओरडली तरी ते आधी सोडलेल्या बस्त्याला गाठ मारत आणि मगच विचारत, "हं, बोला. कोन्या गावचे?" मला हा शुद्ध मागासलेपणा वाटे. मी नुकताच नागपूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन आलो होतो आणि गावात माझ्याएवढं शहाणं कोणी नाही, याबद्दल निदान माझी तरी खात्री होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दवाखान्याने कॉम्प्युटर घेतला आणि मी त्यांना नोंदणीचा प्रोग्राम लिहून दिला. प्रत्येक पेशंटला एक रंगीत फॉर्म, बटणांवर चित्रं, आणि सुरुवातीला ठळक अक्षरांत माझं नाव. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेले बाबूजी दोन बोटांनी टाइप करायला शिकले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "साहेब, झालेला फॉर्म बंद कुठून होते?"

"ते तुम्ही पाहू नका, बाबूजी. 'पुढचा पेशंट' दाबा, बाकी प्रोग्राम पाहून घेते," मी म्हणालो. प्रोग्राम काहीच पाहत नव्हता, हे मला पुढे कळायचं होतं.

सकाळी प्रोग्राम मस्त चाले. मग हळूहळू त्याला सुस्ती येई. बटणांवरची चित्रं गायब होत, फॉर्म पांढराफटक उघडे, आणि शेवटी माउसही हलेनासा होई. बाबूजी शांतपणे मेन बटण बंद करून पुन्हा चालू करत आणि रांगेला सांगत, "थांबा, जेवून राह्यला तो." मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्यांना सगळ्या रांगेसमोर सुनावलं की मशीन असं बंद करतात म्हणूनच ते बिघडतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा ठेवला. त्यावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे काढलेले होते. "साहेब, हे टाइमावर नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी राह्यते, तं बारालेच अटकते. बाकी दिवशी चार वाजतात. पन पेशंट मोजले तं सत्तरच्या आसपासच. मले वाटते, तुमचा प्रोग्राम बस्ते सोडते, बांधत नाही."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं. पण मी ट्रस्टच्या अध्यक्षांना लेखी कळवलं की प्रोग्राम निर्दोष आहे, ऑपरेटर मात्र कॉम्प्युटरला योग्य नाही. 'निर्दोष' या शब्दाखाली रेघही ओढली. आठवड्याभरात बाबूजींची बदली मागच्या सामानाच्या खोलीत झाली. पंचवीस वर्षं ज्या काउंटरवर लोक त्यांना नावाने हाक मारत, तिथे डिप्लोमा केलेली एक मुलगी बसली.

बाजाराच्या दिवशी दुपारी बारा वाजता तिचाही फॉर्म पांढरा झाला. तिची बोटं तर माझ्यापेक्षा सफाईने चालत होती, त्यामुळे आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून पेशंट मोजले. एकाहत्तराव्याला गाडी अडकली. घरी येऊन कोड उघडला, तर 'पुढचा पेशंट' दाबल्यावर मी जुना फॉर्म बंद करतच नव्हतो, नुसता दिसेनासा करत होतो. सकाळपासूनचे सगळे पेशंट आपापल्या चित्रांसकट मशीनच्या मेमरीत ठाण मांडून बसलेले. एका ओळीची दुरुस्ती होती, ती तिथेच केली.

सामानाच्या खोलीत बाबूजी सलाइनची खोकी लावत होते. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"हौ, तेच तं म्हनत होतो मी," ते म्हणाले. मग हातातलं खोकं खाली ठेवून हळूच विचारलं, "मंग मी वापस येऊ का काउंटरवर?"

मी तसाच अध्यक्षांकडे गेलो आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अब तो सब ठीक चल रहा है न? फिर क्यों छेड़ना?" ही बातमी बाबूजींना द्यायला मला तीन दिवस लागले. तोपर्यंत रोज सकाळी ते काउंटरवर येऊन जात, त्या मुलीला काही अडलं का विचारत, आणि मागे निघून जात. मी सांगितलं तेव्हा ते पुन्हा खोकी लावायला लागले.

दोन वर्षांनी त्यांच्या निरोप समारंभात मला कॉम्प्युटरच्या प्रगतीवर बोलायला सांगितलं होतं. मी उठून सांगितलं की या प्रोग्राममधला सर्वांत मोठा दोष बाबूजींनी पुठ्ठ्यावर रेघा मारून पकडला होता, आणि मी तो त्यांच्याच माथी मारला. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. शेजारी बसलेल्या बाबूजींनी माझा शर्ट ओढला. त्यांचे डोळे भरले होते.

"बसा आता, साहेब," ते म्हणाले. "दोन वर्स उशीर झाला, पन सगळ्यांसमोर सांगतलं तुमी."