कपाटातली दुसरी हार्ड डिस्क

हार्ड डिस्क पडली ती माझ्याच हातून. नरपडच्या घरी दुपारचा कामाला बसलो होतो. लॅपटॉप सरकवताना तिची वायर मनगटात अडकली आणि डिस्क चालू असतानाच फरशीवर आपटली. उचलून पुन्हा जोडली. आतून टक्‌ टक्‌ असा आवाज आला, थांबला, परत सुरू झाला. स्क्रीनवर काहीच दिसेना.

तिच्यात एका म्हातारीची नऊ वर्षांची गाणी होती.

म्हातारी तलासरीकडच्या एका वारली पाड्यावरची. ती धवलेरी होती, म्हणजे लग्नात भिंतीवर काढलेल्या देवीच्या चौकासमोर बसून एकेका देवाला गाण्यातून बोलावून आणणारी. तिनं गायल्याशिवाय लग्न लागत नाही. मी त्या पाड्याच्या शाळेवर मास्तर होतो. घरची चिकूची वाडी, पगार चालू, हातात वेळ. मला वाटायचं, ही गाणी जगापुढे आणायची तर मीच आणायची. लग्न नसताना ती म्हणायची नसतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला बसवायचो, समोर रेकॉर्डर ठेवायचो आणि दोन ओळी झाल्या की अर्थ विचारायला थांबवायचो.

"मधीच थांबवतोस मास्तर," ती एकदा म्हणाली. "देव अर्ध्या वाटेवर उभा राहिला ना."

मी ते वाक्यही लिहून घेतलं. माझ्या लेखात ते छान बसलं. लेखाला बक्षीस मिळालं.

तिचा मुलगा पाड्याच्या नळाची मोटर सांभाळायचा. तो दोनदा माझ्याकडे आला. "आईचा आवाज आम्हाला पण द्या ना सर. माझ्या पोरीला शिकायचंय."

"देतो ना," मी दोन्ही वेळा म्हणालो. "जरा नीट लावू दे. पुस्तक होऊ दे."

सुरुवातीला माझा देण्याचा विचार होताही. डहाणूला स्टेशनजवळच्या दुकानातून मी एकाच दिवशी दोन सारख्या डिस्क घेतल्या होत्या. एक मला, आणि दुसरीत सगळं उतरवून त्यांना द्यायला. त्या दुसरीचं प्लास्टिकसुद्धा मी कधी काढलं नाही. लोकांना मी आळस सांगितला असता, पण आळस नव्हता. एकदा त्यांच्या हातात गेलं की उद्या कोणीतरी शहरातून येईल, मागेल, मोबाइलवरून सगळीकडे पाठवेल. मग माझं काय राहिलं? म्हातारी गेली तेव्हा मी पाड्यावर जाऊन आलो. तेव्हाही रिकाम्या हातानंच.

डहाणूत अशा बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणारी एक बाई आहे. मुंबईच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करून ती इकडे परत आली. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी. मागच्या खोलीत तिनं काचेची मोठी पेटी बसवली आहे, आत गाळलेली हवा सोडणारी. डिस्क उघडायची ती त्या पेटीतच. माझी डिस्क तिनं जोडली, कान जवळ नेला आणि लगेच बंद केली.

"हेड गेलंय. ग्रामोफोनला सुई असते ना, तसं समजा. ते वाकलंय. दुसऱ्या डिस्कचं काढून हिला बसवावं लागेल. पण कुठलीही डिस्क चालत नाही. मॉडेल हेच पाहिजे, बनवल्याची तारीख पण आसपासची. डोनर म्हणतो आम्ही तिला. हे मॉडेल जुनं आहे सर, शोधायला दोन-तीन महिने जातील. मिळेलच असं नाही."

"त्या डोनरचं मग काय होतं?"

"ती कामातून जाते."

मी माझी डिस्क उलटी करून तिचं लेबल वाचलं. मग म्हणालो, "माझ्याकडे आहे एक. त्याच दिवशी घेतलेली."

दुसऱ्या दिवशी ती कपाटातून काढून नेली. बाईनं दोन्ही लेबलं भिंग लावून वाचली आणि हसली. "नशीबवान आहात सर! एका खोक्यातल्याच दिसतात. आणि ही तर कोरी. कशाला ठेवली होती?"

"अशीच."

तिनं मला पेटीबाहेर उभं राहू दिलं. कोरी डिस्क उघडली. आतली तबकडी आरशासारखी होती, तिच्यावर कधी काही लिहिलंच नव्हतं. चिमट्यानं तिनं बारीक स्क्रू काढले, हेड अलगद उचललं आणि माझ्या डिस्कमध्ये नेऊन बसवलं. माझ्या डिस्कच्या तबकडीवर एक राखाडी चरा उमटला होता. तो बघून ती हसायची थांबली. मला तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन बाकावर बसलो.

तिला तीन आठवडे लागले. डिस्क थोडी वाचायची, बंद करायची, पुन्हा वाचायची. शेवटी फोन आला. "एका बाजूचं काहीच नाही मिळालं. दुसऱ्या बाजूचं आहे, पण मध्ये मध्ये तुटलेलं."

तिच्याच दुकानात हेडफोन लावून मी ऐकायला बसलो. म्हातारी दोन ओळी गाते. मग मी: "थांब, थांब. याचा अर्थ काय?" ती सांगायला लागते आणि आवाज तुटतो. पुढच्या फाइलमध्ये मी तिला एक शब्द समजावतो आहे. तिच्याच गाण्यातला शब्द. ती म्हणते, "आमच्यात असंच म्हणतात," आणि मी म्हणतो, "नाही, मुळात तसं नसणार." एक फाइल जवळजवळ पूर्ण शाबूत राहिली होती. तिच्यात एका पाहुण्याला मी माझ्या कामाची माहिती देत होतो. मागे लांबून ती खोकत होती.

"आवाज स्वच्छ आलाय ना सर?" बाईनं विचारलं. तिनं मेहनत घेतली होती. मी हो म्हणालो.

सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन मी पाड्यावर गेलो. म्हातारीच्या मुलाला सांगितलं, डिस्क पडली, मिळालं तेवढं आणलंय. दुसऱ्या डिस्कबद्दल सांगितलं नाही. त्यानं पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला, खिशावर हात ठेवला. "एवढा त्रास घेतलात सर, आमच्यासाठी," म्हणाला. मला वालाच्या शेंगांची पिशवी दिली. मी घेतली.

चार दिवसांनी त्याच्या मुलीचा फोन आला.

"मास्तर, आजी दोन ओळींवर थांबते. पुढं काय आहे? तुम्ही लिहून घेतलं असेल ना?"

मी वह्या काढल्या. नऊ वर्षांच्या वह्या. त्यांत अर्थ होते, टिपा होत्या, माझी मतं होती. गाण्याचे शब्द कुठेही सलग नव्हते. रेकॉर्डिंग आहेच, मग कशाला उतरवायचे, असं वाटलं होतं.

"नाही गं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात तिच्या भावाचं लग्न होतं. त्यांनी उंबरगावकडून, गुजरातच्या हद्दीतून, एक धवलेरी आणली. तिची चाल वेगळी, देवांचा क्रमही वेगळा, असं म्हातारीच्या मुलानं मला नंतर सांगितलं. त्याची मुलगी आता तिच्याकडेच शिकते. लग्नाचं बोलावणं द्यायला तो स्वतः नरपडला आला होता. मी गेलो नाही. ताप आहे म्हणून निरोप पाठवला. ताप नव्हता.