पंधरा पानं

कोथरूडच्या दत्तमंदिराबाहेर प्रेमला गेली बारा वर्षं गाय घेऊन बसते. रोज सकाळी वारज्याहून चालत येते. सासरची जमीन इमारतींखाली गेली, गोठ्यात एकच गाय राहिली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून तिचं नाव टिकली. लोक प्रेमलाकडून हिरव्या घासाची पेंडी घेतात, टिकलीला चारतात, पाया पडतात आणि कामाला लागतात. कुणी घरून डबा आणतं. त्यासाठी प्रेमलाचा नियम ठरलेला: दिवसाला चार पोळ्या, बाकी सगळं बादलीत. कुणाला राग आला तरी बादलीतच.

सर्वपित्री अमावास्येला हा नियम तासाभरात मोडला.

पेंड्या संपल्या म्हणून ती घास आणायला गेली. टिकलीपाशी नवऱ्याला, संपतला, बसवलं. परतली तेव्हा साडेबारा वाजले होते. टिकली मागचे पाय आपटत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. डाव्या कुशीतला खळगा भरून वर आला होता.

"काय घातलं हिला?"

"आलं ते," संपत म्हणाला. "भात, खीर, वडे. पंधराएक पानं असतील. पितरांचं हाय, न्हाई कसं म्हणायचं?"

प्रेमलानं कुशीवर टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. मग तिनं कान लावला. धडधाकट गाईच्या पोटात मिनिटाला एकदा तरी लांबून गाडा गेल्यासारखं घरघरतं. आत काहीच घरघरत नव्हतं. तिनं जनावरांच्या डॉक्टर अपूर्वाला फोन लावला.

"मी खडकीत आहे, पाऊण तास लागेल," अपूर्वा म्हणाली. "तोवर तिला बसू देऊ नका. पुढचे पाय उंचावर घ्या. तोंडात आडवी काठी बांधा, चघळत राहिली तर ढेकर येईल. घाईनं तेलबिल पाजू नका, फुप्फुसात जाईल. खायचा सोडा आणून ठेवा, भरपूर."

दोघांनी मिळून टिकलीचे पुढचे पाय देवळाच्या पायरीवर चढवले. प्रेमला तोंडात काठी बांधत होती, तेवढ्यात समोरच्या सोसायटीतले यज्ञेश्वर काका केळीचं पान घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के.

"अहो प्रेमलाबाई, एक वाजत आला. वडील जेवणाच्या वेळेबाबत फार कडक होते."

"काका, आज नाही. तिचं पोट फुगलंय."

"एक घास. त्यानं काय होतंय?"

"पंधरा जण हेच म्हणून गेले."

काकांनी टिकलीकडे पाहिलं. जीभ बाहेर आली होती, नाकपुड्या फेंदारल्या होत्या. त्यांनी पान कट्ट्यावर ठेवलं.

"काय आणू?"

"खायचा सोडा."

काका स्कूटरवरून गेले आणि वाण्याकडची सगळी पाकिटं उचलून आले. तोवर टिकलीचे मागचे पाय थरथरू लागले होते. एकदा ती गुडघ्यावर आली. संपत आणि काका दोन्हीकडून खांदे लावून तिला उभं करत राहिले. प्रेमला तोंडापाशी उभी राहून तिचं नाव घेऊन बोलत होती, काय बोलतेय ते तिलाही कळत नव्हतं.

अपूर्वा आली आणि तिनं तोंडातून नळी आत सारली. फस्स करून गॅस सुटला. आंबट, सडका भपकारा आला, दर्शनाच्या रांगेतली माणसं नाकाला पदर-रुमाल लावून मागे सरली. कुशीतला फुगवटा थोडा उतरला. त्याच नळीतून अपूर्वानं सोड्याचं पाणी सोडलं.

"हे झालं कसं?" काकांनी विचारलं.

"गाईचं पोट म्हणजे आंबवायचा हौद, काका. आतले जिवाणू गवत सावकाश आंबवतात आणि गॅस ढेकरेनं निघून जातो. भात-साखर एकदम आंबते. आंबटपणा इतका वाढतो की पोट हलायचंच थांबतं. मग ढेकर कुठून येणार?"

"आमच्या इडलीच्या पिठासारखं. पातेल्याबाहेर येतं."

"इथं ते बाहेर येत नाही, फुप्फुसं दाबतं."

काका सोड्याची रिकामी पाकिटं गोळा करू लागले.

"आता वाट बघायची," अपूर्वा सलाईन लावत म्हणाली. "कुशीत मूठ दाबून ठेवा. आतून मूठ उचलली गेली तर पोट चालू झालं. संध्याकाळपर्यंत नाही झालं, तर दुसऱ्या गाईच्या पोटातलं पाणी काढून हिला पाजावं लागेल. विरजण संपलं की शेजारून आणतो ना, तसं. पण तोवर ती टिकायला हवी."

प्रेमलानं मूठ दाबली. काका घड्याळ बघत राहिले. एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास. मुठीखाली काहीच नव्हतं. संपत पायरीवर खाली मान घालून बसला होता. प्रेमला त्याला एक शब्द बोलली नव्हती, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

"मी न्हाई म्हणायला पायजे व्हतं," तो म्हणाला.

"उद्यापासून म्हणा."

काकांनी कट्ट्यावरचं पान उचललं आणि बादलीत रिकामं केलं. "वडिलांना मधुमेह होता," ते म्हणाले. "खीर त्यांनाही चालत नव्हतीच."

चार वाजून गेले होते. प्रेमलाचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता, तरी तिनं मूठ काढली नाही. मग आत खोलवर काहीतरी सरकलं, आणि तिची मूठ हळूच वर उचलली गेली.

"काका," ती म्हणाली, "आता मिनिट मोजा."

काकांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. मिनिट भरायला आलं आणि मूठ पुन्हा हलली.