जोह्याचे गणपती आज सापडत नव्हते

मंडळी, आज सकाळी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात जोह्याहून भावाचा फोन. "ताई, वेबसाइटवरचे गणपती दिसत नायत गो! गिऱ्हाईकं बोंबलतायत."

लग्न होऊन रोह्याला आले, तरी आमच्या मूर्तींच्या कारखान्याची वेबसाइट मीच सांभाळते. कालच ती नव्या सर्व्हरवर हलवली होती. पहिलं पान उघडत होतं, पण कुठल्याही मूर्तीवर क्लिक केलं की 'पान सापडलं नाही'.

कुठल्या लिंकवर कुठलं पान दाखवायचं, ते नियम .htaccess फाइलीत असतात. ते पुन्हा पुन्हा तपासले. चूक नव्हतीच! सर्व्हर चालवणाऱ्या अपाचे सॉफ्टवेअरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये AllowOverride None होतं, म्हणजे सर्व्हर माझी फाइल वाचतच नव्हता मेला. तिथे All केलं, अपाचे रिस्टार्ट केला, गणपती हजर.

एकेक पान उघडून बघितलं. सगळ्या मूर्तींचे डोळे वहिनीने आखलेत. सुरेख आखलेत. पूर्वी ते काम माझं होतं.

भावाला फोन लावला. मागे रंगाचा कॉम्प्रेसर घरघरत होता. तो आवाज ऐकतच बसावंसं वाटलं.

"आखणी संपली का रे सगळी?"

"व्हय. घरचा गणपती तेवढा रायलाय. आई कोणाला हात लावू देत नाय. म्हनते, त्याचे डोळे ताईच आखील."

रोह्याहून जोहे असं कितीसं लांब? तरी तो तिथे डोळ्यांवाचून माझी वाट बघत बसलाय.

तुमच्या माहेरी तुमच्यावाचून काय अडून राहिलंय?